ओट्यावरचे कोडेबाज

शब्दकोडी सोडवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फार वाईट आहे. ते मी लांबून बनवलेलं नाही. चार-पाच वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून बनवलं आहे. आता नातवंडं पेपरातली चौकट घेऊन येतात आणि "आजोबा, तीन अक्षरी नदी सांगा" म्हणतात, तेव्हा मी चष्मा सापडत नसल्याचं सांगतो. त्यांना वाटतं, म्हातारा विसरला. म्हातारा काही विसरलेला नाही. आम्ही तीन शहाण्यांनी कोडी सोडवता सोडवता एका बाईचं जे वाटोळं केलं, ते त्याला चांगलं आठवतं.

हे लढाईच्या काळातलं आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सरकार नागपूरला बसायचं. आम्ही बुलढाणा जिल्ह्यात, उंद्रीपासून दोन कोस आत असलेल्या एका गावात बसायचो आणि सरकारनं काय करायला हवं ते ठरवायचो. मी तिथल्या चार वर्गांच्या शाळेचा मास्तर होतो, आणि शाळेच्याच एका खोलीत गावचं पोस्टही सांभाळायचो. खामगावहून चिखलीला जाणारी सर्विस मोटार उंद्रीला टपालाची थैली टाकून जायची आणि तिथून आमचा हलकारा ती पायी घेऊन यायचा. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, चढ आला की उतारू उतरून ढकलत. त्यामुळे आमच्यापर्यंत येणारी बातमी शिळी होऊनच यायची. पण मत द्यायला ताजी बातमी लागते असं आमच्यातल्या कुणाला वाटत नव्हतं.

शाळा सुटली की मी शिंप्याच्या ओट्यावर जायचो. हा शिंपी मुसलमान होता आणि सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. त्याचं मशीन आत दाराशी होतं आणि ओटा बाहेर निंबाच्या सावलीत. ओट्यावर पटवारी असायचा, म्हणजे दप्तर मुलाच्या गळ्यात टाकून रिकामा झालेला म्हातारा पटवारी. दुसरा एक कापसाचा दलाल होता. तो आठवड्याला खामगावला जायचा आणि येताना कोड्याचं साप्ताहिक घेऊन यायचा. माणसं एवढीच, पण मतं अख्ख्या तालुक्याला पुरून उरतील इतकी.

त्या काळातली बक्षिसाची कोडी ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना त्यातला लबाडपणा कळायचा नाही. उत्तर एकच असलं तर कुणीही सोडवील, म्हणून चौकट अशी करत की दोन शब्द सारखेच बसावेत. एकदा असं होतं: 'हा वेळेवर आला नाही की माणूस चिडतो.' तीन अक्षरी, शेवटचं अक्षर र. पटवारी म्हणाला नोकर, मी म्हणालो पगार. दोन दिवस वाद चालला. पुढच्या अंकात संपादकाचं सीलबंद उत्तर छापून आलं, नोकर. खाली खुलासा होता, की पगार वेळेवर आला नाही तर माणूस चिडत नाही, चिंतेत पडतो. ज्यानं जन्मात मास्तरकी केली नाही त्यालाच असा खुलासा सुचू शकतो. पण पटवाऱ्यानं तो खुलासा ओट्यावर तीनदा वाचून दाखवायला लावला, कारण तो बरोबर ठरला होता. तो बरोबर ठरला नव्हता. एका अनोळखी माणसाचं मत त्याच्या मताशी जुळलं होतं, इतकंच. हा फरक त्या ओट्यावर कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

आणि एकदा ही सवय लागली की माणूस सगळ्या जगाकडे चौकट म्हणूनच पाहतो. दलालानं कुठल्याशा बियाणाच्या दुकानातून जगाचा नकाशा आणला होता. तो चाचाच्या भिंतीवर लावून त्यात चाचाच्याच टाचण्या टोचून पटवारी लढाई चालवायचा. "आता जपान कुठं येते ते सांगतो," असं म्हणून तो डोळे मिटायचा आणि मग एखाद्या गावात टाचणी खुपसायचा. रंगून पडलं तेव्हा त्याची टाचणी मद्रासवर होती. त्यानं ती हळूच काढली आणि चार दिवसांनी आपण रंगूनच म्हणालो होतो असं शपथेवर सांगायला लागला. दलाल त्याला दुजोरा द्यायचा, कारण त्याच्या कापसाच्या अंदाजांना पटवारी दुजोरा द्यायचा.

सिनेमाचंही तेच. चिखलीला बाजाराच्या मैदानात कधीमधी तंबू लागायचा. मी एकदाच गेलो. नायिकेला क्षय झाला होता. तिनं मरायला पाऊण तास लावला आणि तेवढ्यात तीन गाणी म्हटली. जिला खोकल्यातून उसंत नाही ती वरच्या पट्टीत गाते आणि तंबूतली शहाणीसुरती माणसं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात, हे पाहून मी मध्येच उठून आलो. ओट्यावर आल्यावर कळलं की पटवाऱ्यानं, ज्यानं उभ्या आयुष्यात एक सिनेमा पाहिला नव्हता, शेवट आधीच सांगून ठेवला होता. "मरतेच ते. नाई मेली तं लोक पैशे वापस मांगतीन." यात त्याचं चुकलं नव्हतं, हे आणखी चीड आणणारं.

एवढा तिटकारा होता तर मास्तर, तुम्ही तिथे रोज का जात होता, असं कुणी विचारील. मी त्यांच्यात सगळ्यांत हुशार होतो म्हणून. मला अर्धा शब्दकोश पाठ होता, थोडं संस्कृत येत होतं, आणि मी शब्द सांगितला की पटवारी "वा" म्हणायचा. शाळेत पोरं वा म्हणत नाहीत, घरी बायको वा म्हणत नाही. एकदा दोन चुका झालेल्यांना मिळणाऱ्या किरकोळ बक्षिसात शेकडो नावांच्या यादीत बारीक टायपात आमच्या गावाचं नाव छापून आलं. पटवारी ते कात्रण पागोट्यात ठेवून हिंडत होता. मी त्याला हसलो, पण तसलंच एक कात्रण माझ्या टेबलाच्या खणात होतं.

आता त्या बाईचं सांगतो. ती माळीण होती. नाल्याकाठी तिची दोन एकर बागाईत होती. वांगी, मेथी, मिरची पिकवायची आणि बाजारच्या दिवशी उंद्रीला पाटी घेऊन बसायची. नवरा कधीचाच गेलेला. एकुलता एक मुलगा फौजेत मोटार हाकायला गेला होता. तो माझा विद्यार्थी, चौथी झालेला, अक्षर मोठं आणि वाटोळं. जाण्याआधी त्याची सोयरीक साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका वस्तीवर ठरली होती. मुलगी त्यानं पाहिली होती, मुलीनं त्याला पाहिलं होतं, दोघंही राजी होते. पण तो गेला आणि दोन उन्हाळे निघून गेले. मुलीचा बाप येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, आमी किती दिस थांबायचं? शिवरात्रीपर्यंत तारीख सांगा, न्हाईतर मोकळं करा आमाला." बाईला मुलगी सोडायची नव्हती. अशी सून पुन्हा मिळायची नाही, आणि पोरगा परत आल्यावर त्याला काय तोंड दाखवू, असं ती मला पोस्टात येऊन सांगायची. मुलाच्या पत्राची ती रोज वाट पाहत होती.

फौजेतली पत्रं सेन्सॉर होऊन येत. कुणीतरी साहेब ती फोडून वाचायचा, ठिकाणाचं नाव दिसलं की त्यावर काळी शाई फासायचा आणि पाकिटावर शिक्का मारून पुढे पाठवायचा. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी असं एक पाकीट आलं. एरवी मी तिची पत्रं शाळेत बसून वाचून द्यायचो. त्या दिवशी थैली उशिरा आली, मी ती घेऊनच ओट्यावर गेलो होतो, आणि बाई शोधत तिथे आली. खाली पायरीवर बसली. मी वाचायला लागलो.

पत्र लहान होतं. 'आई, मी अमुक ठिकाणी आहे', आणि त्या ठिकाणावर जाड काळा पट्टा. तब्येत ठीक आहे, इथलं पाणी खारट आहे, खजूर पुष्कळ मिळतो. मग: 'लग्नाचे सांगून रजेचा अर्ज केला होता. साहेब भला माणूस आहे. साहेबाने रजा', आणि पुढे पुन्हा शाई. त्यानंतर 'तू काळजी करू नको. त्यांच्याकडील सर्वांस माझा नमस्कार सांग.' बस.

बाई म्हणाली, "रजा काय म्हनते मास्तर?"

मी म्हणालो, "पुढचं पुसलेलं आहे."

इथे थांबायला हवं होतं. पुसलेलं आहे, कळत नाही, पुढच्या पत्राची वाट पाहा, इतकं म्हणून पत्र तिच्या हातात द्यायला हवं होतं. कुठल्याही साध्या माणसानं तेच केलं असतं. पण ओट्यावर साधी माणसं नव्हती, कोडेबाज होते. पटवाऱ्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं, उजेडापुढे धरलं आणि म्हणाला, "कितीक अक्षरं हायेत?"

मग जे झालं ते सांगताना आजही माझे कान तापतात. आम्ही तिघं त्या कागदावर वाकलो. पोराचं अक्षर माझ्याच हाताखालचं. एका अक्षराला किती जागा लागते ते मला ठाऊक होतं. मी काडीनं मोजलं. जागा चार अक्षरांची निघाली. दलाल म्हणाला, "मंजूर केली." मी म्हणालो, ती पाच होतात, बसत नाहीत. पटवारी म्हणाला, वरची शाई काळी कुळकुळीत आणि खालची निळसर का दिसते, तर सेन्सॉरची दौत संपत आली असेल. हेही त्यानं अगदी खात्रीनं सांगितलं. मग मला शब्द सुचला. "दिली आहे," मी म्हणालो. "साहेबाने रजा दिली आहे. चार अक्षरं. चपखल बसतं."

"वा," पटवारी म्हणाला.

आतून मशीन थांबलं. चाचाला मराठी वाचता येत नव्हतं, कोड्यात तो कधी पडला नाही. तो बोटांवर मोजत बाहेर आला. "मास्तर, 'नाही दिली' बी चारच होते ना?"

मी हसलो. ते हसणं मला आठवतं, कारण ते चौथीतल्या मठ्ठ पोराला हसावं तसं होतं. "चाचा, नुसती अक्षरं मोजून भागत नाही. संदर्भ पाहावा लागतो. साहेब भला आहे म्हणतो. पुढे काळजी करू नको म्हणतो. मध्ये 'नाही दिली' येईलच कसं?"

"भल्या साहेबालेबी रजा नाई देता येत कधीकधी," चाचा म्हणाला. "अन् हे चिठ्ठी हाये मास्तर, कोडं नाई. कायले मोजून राह्यले तुमी?"

"तू आपला शीव बे गुमान," पटवारी म्हणाला. चाचा आत गेला.

बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण तीन शिकलेली माणसं एका कागदावर एवढा वेळ वाकली म्हणजे त्यातून खरं तेच निघत असणार, असं तिला वाटलं. "मंग मी तारीख धरू का मास्तर?" तिनं मलाच विचारलं, पटवाऱ्याला नाही.

मी म्हणालो, "धरा."

रजा दिली तर माणूस किती दिवसांत येईल, हे दलालानं बोटीचे दिवस आणि रेल्वेचे दिवस धरून काढलं. पटवाऱ्यानं पंचांग काढलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. बाईनं साखरखेर्ड्याकडे निरोप धाडला, आणि मुलाला कळवायचं पत्र मीच लिहिलं. ते त्याला लग्नाची तारीख उलटल्यावर मिळालं, हे नंतर कळलं. नवरदेवाचा कोट शिवायला बाई चाचाकडे मुलाचा जुना सदरा माप म्हणून घेऊन आली. पटवारी लगेच म्हणाला की फौजेत खाणं चांगलं असतं, छाती भरली असेल, दोन बोटं वाढव. चाचानं दोन बोटं वाढवली.

चैत्र संपला. वैशाख लागला. मुलगा आला नाही. पत्रही नाही. बाई रोज उंद्रीपर्यंत जाऊन मोटारीतून कोण उतरतं ते पाहून यायची. पटवाऱ्याचं मत असं पडलं की फौजेतला माणूस ऐन वेळेवर येतो, तो सरळ मांडवातच पोचेल. दलालाचंही तेच मत होतं. माझं मत मी दिलं नाही, पण नाहीही म्हणालो नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आम्ही बैलगाड्या जुंपून निघालो. नवरदेव नसलेली वरात मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

तिकडे मांडव घातलेला, मुलीला हळद लागलेली. संध्याकाळचा मुहूर्त होता. दुपारी मुलीच्या बापानं बाईला बाजूला घेतलं. हळद लागलेली मुलगी तशीच ठेवता येत नाही. मुलीचा आतेभाऊ लग्नाला आलेलाच होता. त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर त्याच्याशी लावून देतो, असं त्यानं सांगितलं. तो रागावलेला नव्हता. हात जोडून सांगत होता. बाईनं काही वाद घातला नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा आला, आता आणखी ओशाळलेला. पोरगा नुसत्या सदऱ्यावर आहे, म्हणाला, आणि वेळ नाही. बाईनं स्वतः गाडीतून बोचकं काढलं, सोडलं आणि कोट त्याच्या हातात दिला. मुलगी मान खाली घालून उभी होती. तो कोट तिच्या आतेभावाला अंगावर मापून शिवल्यासारखा बसला.

आणि आम्ही जेवलो. हे मी मुद्दाम लिहितो. पटवारी, दलाल आणि मी पंगतीला बसलो, बुंदी वाढली ती खाल्ली, पटवाऱ्यानं मागून घेतली. परतताना गाडीत तो म्हणाला, "सेन्सॉरनंच घोळ केला. सरळ लिहू द्याव की नाई माणसाले." दलालानं हो म्हटलं. बाई पुढच्या गाडीत होती.

त्यानंतर मी ओट्यावर जाणं सोडलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन महिने गेलो नाही आणि मग पुन्हा जायला लागलो. नवीन कोडं आलं होतं.

बाईनं मात्र एक केलं. मुलाची पत्रं पुढे येत राहिली. ती पोस्टात यायची, हात पुढे करायची, पाकीट घ्यायची आणि पदराखाली घालून निघून जायची. पहिल्या वेळी मी म्हणालो, "वाचून देतो." ती म्हणाली, "राहू द्या." दुसऱ्या वेळीही तेच. गावात वाचणारे आणखी दोघे-तिघे होते, पण ती त्यांच्याकडेही जात नाही हे मला हळूहळू कळलं. शाई लागलेला कागद कुणाच्या हातात पडला की त्याचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. पत्र आलं म्हणजे पोरगा जिवंत आहे, तेवढं तिला पुरेसं होतं. मला मात्र त्याचा राग यायचा. मी एक चूक केली म्हणून ही अक्षरशत्रू बाई मला, पंधरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला, हलकाऱ्यासारखं वागवते, असं मला वाटायचं. वाचता येत नाही तर नाही, आणि वर हा ताठा. मी असाच विचार करत होतो. आता तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

एकदा तिच्या नावाचं एक पाकीट आलं ते निराळं होतं. सेन्सॉरचा शिक्का नाही, चिकटवलेली पट्टी नाही. साधं तिकीट आणि देवळालीचा छाप. पत्त्याचं अक्षर त्याचंच. माझ्या लगेच ध्यानात आलं की पोरगा हिंदुस्थानात उतरला आहे. बाई आली, तिनं हात पुढे केला. मी पाकीट धरून क्षणभर थांबलो. 'हे देवळालीहून आलंय, तो देशात आहे,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ती म्हणाली, "द्या." त्या 'द्या'मध्ये नेहमीचाच कोरडेपणा होता. मी मनात म्हणालो, घे मग, ठेव पदराखाली. आणि दिलं.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी तो आला. उंद्रीवरून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आला. रंग काळवंडला होता, बाकी धडधाकट होता. दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी तो माझ्याकडे आला. पाया पडला. मी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बाकावर बसला.

मी विचारलं नव्हतं, पण त्यानंच त्या पत्राचं काढलं. आईनं त्याला सगळं सांगितलं होतं. "वरतं साह्यबानं पुसलं होतं मास्तर," तो म्हणाला. "खालतं म्याच खोडलं. रजा नाकारली, असं लेहलं होतं. मंग वाटलं, माय रडत बसन, पुढच्या चिठ्ठीत बरं काई लेहू. मनून खोडून टाकलं."

पोरीबद्दल तो काही बोलला नाही. मी म्हणालो, माझं चुकलं. तो म्हणाला, "चालतेच." मग म्हणाला, "मायनं बाकीच्या साऱ्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या होत्या. येका गाडग्यात. येकबी नाई फोडली. मी आलो तं माह्यापुढं गाडगं ठेवलं अन् मने, आता तूच वाच. काल दिवसभर मीच माह्या चिठ्ठ्या वाचत बसलो."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं.

"येक देवळालीची होती," तो म्हणाला. "आमाले बोटीतून उतरवून ब्रह्मदेशाकडं नेऊन राह्यले होते. गाडी मलकापूरवरून जानार, तिथं इंजन पानी घेते, शनवारी दुपारी, हे आमाले आधीच समजलं होतं. देवळालीच्या बजारातल्या पेटीत चिठ्ठी टाकली, मनून सेन्सॉर नाई झाली. मायले लेहलं, टेशनवर ये, येकडाव पाहून घेतो. गाडी अर्धा घंटा हुबी होती. मी टोपी काढून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. मले वाटलं मायले फौजेच्या कपड्यात वळखू नाई यायचं."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ते चिठ्ठी उशिरा भेटली असन ना मास्तर?"

मी म्हणालो, "लढाईचे दिवस. टपालाचा काही नेम नसायचा." हे मी लगेच म्हणालो. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

त्यानं मान हलवली. येणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर पोचल्या तारखेचा शिक्का मारायचा, हे माझंच काम होतं, आणि मी ते कधी चुकवलं नव्हतं. "पाकिटाच्या मांगं तुमचा शिक्का हाये," तो म्हणाला. "मंगळवारचा." आवाज चढलेला नव्हता. शनिवार चार दिवसांवर होता. चार दिवसांत ती मलकापूरला चालत गेली असती.

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मायले मी ते चिठ्ठी वाचून नाई दाखवली. तब्येत ठीक हाये, पानी चांगलं हाये, असं काईतरी मनातलं वाचलं. तिले मलकापूरचं मालूम नाई. तुमी नका सांगू." आणि पुन्हा पाया पडून गेला.

मी सांगितलं नाही. तो पुढे मोटार हाकायला लागला, त्याचं लग्नही दुसरीकडे झालं. बाईचा माझ्यावरचा राग मुलगा आल्यावर गेला. बाजारच्या दिवशी मी तिच्या पाटीपुढे उभा राहिलो की ती हसायची, तब्येत विचारायची, आणि तराजूतली वांगी माझ्या पिशवीत टाकून झाल्यावर वरून आणखी दोन टाकायची. "पोरगा सुखरूप आला मास्तर," असं दर वेळी म्हणायची. मी ती वांगी घरी घेऊन यायचो.